पुसू नका

रात्रभर सोळा अंशांवर निजलेला कॅमेरा
पहाटे चारला हॉटेलच्या दाराबाहेर आणला
आणि त्याच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला.
उम्म अल कुवैन. ऑगस्ट.
हवा अशी की शर्ट घालायच्या आधीच ओला.

मी पुसलं. पुन्हा आलं.
पुन्हा पुसलं. पुन्हा.
तेवढ्यात धक्क्याला पहिली होडी लागली,
कनादचे ढीग पडले, लिलाव पुकारला,
आणि माझ्या चौकटीत नुसतं दूध.
जयवंती काही बोलली नाही.
दिग्दर्शकानं काही न बोलणं
शिवीपेक्षा लांब पोचतं.

ड्रायव्हर लियाकत फणसोपकर,
रत्नागिरीकडचे, इथे सव्वीस वर्षं,
बॉनेटला टेकून सुलेमानी पीत होते.
"पुसू नका. काच गार आहे तोवर ती वाफ येणारच.
बाहेरच्याइतकी ऊन झाली की आपसूक जाईल."

कुठे शिकलात, विचारलं
तर त्यांनी नाकावरचा चष्मा काढून दाखवला.
"मासळीच्या शीतगृहात अकरा वर्षं.
आत उणे अठरा, बाहेर बेचाळीस.
दिवसातून चाळीस वेळा आंधळा व्हायचो.
दारात उभं राहून आकडे मोजायचे.
आधी ट्रकचे दिवे दिसत, मग ट्रक,
मग मुकादमाचं तोंड.
ते उशिरा दिसलं तरी चालायचं."

त्या रात्री, त्यांच्या सांगण्यावरून,
खोलीतच कॅमेरा जाड प्लास्टिकच्या पिशवीत घातला,
हवा पिळून काढली, तोंडाला चिकटपट्टी,
आत निळ्या दाण्यांच्या पुड्या,
ओल प्यायल्या की गुलाबी होणाऱ्या.
मग पिशवी बाल्कनीत, वाळत घातलेल्या मोज्यांशेजारी.
पहाटे गाडीतही एसी बंद, काचा खाली.
जयवंती घामानं निथळत, पिशवी मांडीवर,
तापातलं मूल धरावं तशी.
लियाकतभाईंनी आरशातून पाहिलं,
"आता मानवली त्याला इथली हवा."

मानवली.
माशाच्या कल्ल्यातला लाल, पुकारणाऱ्याच्या गळ्याची शीर,
ओल्या फरशीत उलटा पडलेला दिवा,
सगळं लख्ख.
लियाकतभाई कनादला सुरमईच म्हणत होते,
आणि भावही मनात रुपयांतच करत होते.

परतताना सिग्नलला, कुणी न विचारता, म्हणाले,
"एकदा शीतगृहातून बाहेर येऊन लगेच घरी व्हिडिओ लावला.
फोन गार होता.
माझी रुहीना, पाच वर्षांची तेव्हा.
अब्बा, तुम्ही ढगात राहता?
मी म्हटलं, हो.
ती धावली आईला दाखवायला.
आई चुलीपासून उठून येईपर्यंत
ढग गेला होता.
मीच होतो तिथे."
सिग्नल सुटला.

पहिल्या पहाटेचं ते पांढरं चित्रण
जयवंतीनं उडवायला सांगितलं होतं.
अजून आहे माझ्याकडे.
सात मिनिटं. दिसत काहीच नाही.
शेवटी शेवटी एक पिवळा डाग, तो कदाचित होडीचा कंदील,
कदाचित माझ्याच बोटाचा ठसा.
आवाज मात्र
पहिल्या क्षणापासून स्वच्छ आहे.