सेंटर फिल्ड

ग्लोव्ह फाटला तेव्हा सुभाषनगरात
व्हटकरमामांनी पायताणाच्या वादीनं शिवून दिला.
"हे कुठल्या पायात घालायचं रं?"
एवढंच विचारलं. पैसे घेतले नाहीत.

त्याच ग्लोव्हवर पुढं तीन हंगामांचा करार,
महिन्याला पगार,
पाठीवर चौगुले, सत्तावीस.

लोक पिचर बघायला यायचे.
मी सगळ्यांच्या पाठीमागं, गवतात.
तिथनं बॅट फिरलेली आधी दिसायची,
ठॉक् मागनं यायचं.
त्या दोघांच्या मधल्या फटीत
मी पळून घेतलं, जेवढं पळायचं ते.

आईनं टीव्हीवर एकदाच बघितलं.
"तू दिसलाच न्हाईस," म्हणाली,
"नुस्तं हिरवं दिसत होतं."

चौथ्या हंगामाआधी खांदा गेला.
आता शिरोलीच्या फौंड्रीत रात्रपाळी.
सकाळी घरी जाताना गांधी मैदानाला वळसा पडतो,
तरी तिकडनंच जातो.

परवा पोरांचा एक षटकार
सरळ माझ्याकडं आला.
डबा डाव्या हातात होता. उजवा आपोआप वर गेला,
दुखला, पण चेंडू बसला.

"नाद खुळा, काका! टाका हिकडं!"

टाकला नाही.
अख्खं मैदान चालत गेलो
आणि त्या पोराच्या हातात दिला.