तिसरा मजला

सांगलीत पोराला पाऊल टाकायच्या आधी कळतं:
पाणी आलं की वर जायचं.
"पुलाला किती फूट?" विचारत सगळे मोठे झाले.
मीही झाले, बसल्या बसल्या.

त्या साली हरभट रोडवर होड्या फिरल्या
आणि अख्खी पेठ माझ्या मजल्यावर आली.
खालचा शिवणकामवाला यंत्रासकट,
आरवाडेंच्या आई कडधान्याच्या डब्यांसकट,
कुणाची तरी शेळी, तिची दोन करडं.
लिफ्ट बंद, म्हणून मी आधीच अडकलेली,
तर लोक मलाच म्हणाले,
बाई, बरं झालं तुम्ही वर होता.
चार दिवस मी पतसंस्थेची यजमानीण.
कर्जखात्याच्या टेबलावर पिठलं शिजलं.

आज आगीची रंगीत तालीम.
नदाफसाहेबांनी सकाळी समजावलं:
भोंगा वाजला की खाली.
पळायचं नाही, ढकलायचं नाही,
लिफ्टला हात लावायचा नाही.
मी हात वर केला.
त्यांना वाटलं, समजलं म्हणून सांगतेय.

भोंगा.
चपला, बूट, एक घसरती कोल्हापुरी,
जिन्यात हसणं, मग नुसता जिना.
आणि मी, चाकांना ब्रेक लावून
पहिल्या पायरीच्या काठाशी,
पोहता न येणारं माणूस
घाटावर बसतं तशी.

मागचा दरवाजा आहे. त्याच्यावर हिरवा माणूस
बारा वर्षं एका पायावर पळतोय.
उंबरा तीन इंच. त्याच्या अलीकडे
जुन्या व्हाउचरांचे गठ्ठे, वर्धापनदिनाची कमान,
"सहर्ष स्वागत"मधला "सहर्ष" तेवढा दिसतो.
माझी खुर्ची सव्वीस इंच. फट अठरा.
गणित माझं पक्कं आहे, तीस वर्षं व्याज काढतेय.

खालून आवाज आला: बेचाळीस! सगळे आले!
टाळ्या.

मी खिडकीशी गेले, गज धरून ओरडले:
त्रेचाळीस!

त्या साली होडीतले लोक बघायचे
तसे सगळे, मान वर करून.

नदाफसाहेब वर आले. दम लागलेला.
माफी वगैरे नाही, खिशातून टेप काढला,
आधी दार मोजलं, मग विचारून मला.
"नियमात आहे, मगदूमबाई.
जिन्याच्या तोंडाशी राखीव जागा,
धूर अडवणारं दार, बोलायला फोन,
पायऱ्यांवरून उतरवायची खुर्ची,
ती धरणारी दोन माणसं. नावानिशी."
"मग राहिलं कुठं?"
"कळवलं होतं की. पत्र आहे."
"पत्र कुठंय?"
ते गठ्ठ्यांकडे बघत राहिले.

दस्तगीरनं दोन दिवस गठ्ठे वाहिले.
जिन्यापाशी पिवळा चौकोन आखला.
रंग ओला असताना कुणाचा तरी बूट पडला,
तो ठसा राहिलाय.
खुर्ची पुढच्या बैठकीत मंजूर होईल.
दोन नावं मात्र लागली भिंतीवर: दस्तगीर,
आणि कुंभोजकर, ज्यांच्या गुडघ्याचं
मिरजेत गेल्याच महिन्यात ऑपरेशन झालं.

आठवड्यात चौकोनात पाण्याचा जार आला.
मग दोन जार, आणि एक झाडू.
तेव्हापासून मी डबा तिथंच खाते,
चाकं बरोबर रेघेच्या आत.
येणारे जाणारे वळसा घालतात.
"इथं कशाला बसलाय, बाई?"
काही नाही. एसटीत रुमाल टाकतात ना,
तशी जागा धरलीय.