काच

खोरोगच्या स्टँडवर गाडीला वेळ नसते,
सीटा भरल्या की निघायचं.
सातपासून साडेदहापर्यंत आम्ही सहाजण
सूर्यफुलाच्या बिया सोलत सातव्याची वाट पाहिली.
सातवी आली ती काच घेऊन.

जुन्या रजईत गुंडाळलेली, सुतळीनं आवळलेली,
अडीच हात लांब, दीड हात रुंद.
‘टपावर ठेव,’ कोणीतरी म्हणालं.
‘टपावर बटाटे आहेत,’ ओदिनमामद म्हणाला,
‘आणि माझा रस्ता मला माहीत आहे.’
मग काच आमच्या मांड्यांवर आली.
भाडं सातांचंच घेतलं.

उजवीकडे पंज नदी, करडी, दगड दळत जाणारी.
पलीकडे अफगाणिस्तान, इतकं जवळ
की खळ्यावर बैल फिरवणाऱ्या पोराची
टोपी पडली, ती मला दिसली.
कड्याला चिकटलेल्या पायवाटेवर
एक माणूस गाढवामागे चालत होता.
त्याला आम्ही मागे टाकलं.
मग टायर बसला, तो पुढे गेला.
मग पुन्हा आम्ही.
मग दरड. आता मात्र तो वळणाआड गेला
आणि मला उगाच वाटलं, हात करायला हवा होता.

दरडीपाशी रजई सैल झाली होती.
माझी पाळी होती काच धरायची.
गुडघ्यांवर समोरचा देश आडवा झाला:
बर्फ, जवाची शेतं, एक खांब, धूर,
आणि त्या सगळ्यावर माझा अंगठा.
सावसाननं पदराच्या टोकानं
आधी अंगठ्याचा डाग पुसला,
मग मला थोडं सरकवलं.

‘नदी दिसेल आता घरातून,’ मी म्हणालो,
मोडक्यातोडक्या रशियनमध्ये, पाहुण्याच्या उत्साहानं.
ती हसली. ‘दिसायला नको आहे.
ऐकू यायला नको आहे.
सासऱ्यांनी चौतीस वर्षं पाणी मोजलं.
सरकार गेलं, कचेरी गेली, पगार गेला,
नदी राहिली.
प्लास्टिक लावलेल्या खिडकीतून ती रात्रभर आत येते
आणि म्हातारा दर तासाला उठून
आकडा ओरडतो.
पोरांची शाळा असते सकाळी.’
पैसे मॉस्कोहून नवऱ्यानं पाठवलेले.
तिकडे तो दुसऱ्यांच्या इमारतींना काचा बसवतो.

पुढचा पूल वाहून गेलेला, म्हणून मुक्काम तिच्याकडेच.
पाच खांबांचं घर, छताला चौकोनी झरोका,
मिठाचा दुधाळ चहा, त्यात कुस्करलेली रोटी.
ओदिनमामदनं चाकूनं लाकूड तासलं,
खिळे तोंडात धरून शिव्या दिल्या,
आणि काच बसली.
एका कोपऱ्यात नखाएवढी फट,
तिथं कणीक भरली.

रात्री असं गप्प झालं
की मला माझ्या घड्याळाचा त्रास होऊ लागला.
म्हातारा खुशकदम ताडकन उठून बसला.
‘पाणी कोणी बंद केलं?’
कोणी बोललं नाही.
‘सावसान, नदी कुठे गेली?’
अंधारात तो भिंत चाचपत होता,
खिशातली चावी हरवलेल्या माणसासारखा.

ती उठली. वैतागाचा एक उसासा,
पायात चपला नाहीत, हातात दिवा नाही.
दार वीतभर उघडलं.
गारठ्याबरोबर पंज आत आली,
आधी कुजबुजत, मग सगळीच.

म्हातारा मान कलती करून बसला.
‘एकशे बारा,’ म्हणाला, हळू आवाजात,
आणि कूस बदलून झोपला.
ती मात्र दारापाशीच बसून राहिली बराच वेळ.

सकाळी निघताना गावाखाली
मोजपट्टीचा खांब दिसला, पाण्यात तिरका.
मी ओदिनमामदला गाडी थांबवायला लावली.
रंग पार उडालेला.
पाणी कुठल्या तरी आकड्यापाशी होतं,
मला तो वाचता आला नाही.