चार हजारांत

चार हजारांत काय होतं?
म्हापशात होर्डिंगचं भाडं विचारलं.
तो माणूस हसला, चहा मात्र त्यानंच पाजला.

मग बाराशे पत्रकं, एकाच रंगात.
निळी शाई स्वस्त पडली.
‘तुमच्या रक्तात काय लिहिलंय?’
ओळ माझी.
डॉक्टर नाझारेथ म्हणाल्या, रक्त नाही, लाळ घेतो आपण. बदल.
लाळ म्हटल्यावर कोण येईल, मॅडम?

कायतान पोदेराशी सौदा केला:
पावांसोबत दारोदार एकेक पत्रक,
घरामागे पन्नास पैसे,
शिवाय त्याची स्वतःची तपासणी फुकट.
पहाटे पाचला त्याचा पों-पों
शिरसईहून अस्नोड्यापर्यंत
आमची गुणसूत्रं वाटत गेला.

आठवड्यात फोन आले चार.
दोघांनी उंडे मागितले.
एका आजोबांना साखर तपासायची होती.
एकीनं विचारलं, पोर कुणाचं ते कळतं का,
आणि मी तोंड उघडायच्या आत
फोन ठेवला.

कायतानची नळी अजून माझ्या खणात, कोरी.
काल पुन्हा आठवण केली.
सायकलचा स्टँड लावत म्हणाला,
पापाचा पापा भट्टीच्या दारात सापडलेला,
मैद्याच्या पोत्यात गुंडाळून.
आडनाव मालकानं दिलं, पाव भाजायला शिकवलं.
आता रोज दोनशे दारं करतो मी, बाय.
त्यातलं एखादं आमचंच निघालं
तर महिनाअखेर तिथं
पैसे कसे मागू?

उरलेली पत्रकं
त्यानं पाव बांधायला नेली.
आज माझ्या पोळ्यांवर
निळं उमटलंय,
उलटं, अर्धवट:
काय लिहिलंय?