रंगीत तालीम

डिचोलीच्या शाळेत, दुसऱ्या मजल्यावर
आम्ही त्रेचाळीस शिक्षक पोरांच्या बाकांवर बसलो.
गुडघे मावत नव्हते.
खिडकीतून काजूच्या मोहोराचा वास,
आणि खाली कोणीतरी पातळभाजीला फोडणी देत होतं.

माजीक सरांनी फळ्यावर लिहिलं : पर्यवेक्षण.
त्यातला र्य दोनदा गिरवला.
"वर्गात पंचवीस मुलं. तुम्हाला डोळे दोन. हिशेब करा."
कोणी हसलं नाही.

मग नियम.
पाकीट फोडण्याआधी दोन मुलांच्या सह्या.
भिंतीवरचं घड्याळ खरं, मनगटावरचं खोटं.
पाण्याच्या बाटलीचं लेबल सोलून काढायचं.
पुरवणीसाठी हात वर झाला की हाताकडं जायचं,
टाचा न वाजवता.
"आणि पेपर वाचू नका. वाचलात तर
सोपा आहे असं तोंडावर दिसेल,
नाहीतर अवघड आहे असं.
चेहरा पुसून या. ओल्या फडक्यानं."

इझिल्डा मिसनं विचारलं, पोर रडलं तर?
पाणी, सर म्हणाले.
ओकलं तर?
वाळू. बादली मुख्याध्यापकांच्या दाराशी.
बत्तीस वर्षांत त्यांना वाळू तीनदा लागली,
पाणी रोज.

चहानंतर तालीम.
घडी घातलेल्या चिठ्ठ्या फिरल्या.
ज्याच्या चिठ्ठीत जे, ते त्यानं करायचं.
रोहिदास च्यारी, यंदाच नोकरीला लागलेला,
पर्यवेक्षक म्हणून उभा राहिला,
शर्टाचं वरचं बटण लावून.

काय रंगले सगळे!
गणिताच्या पोकळे सरांनी तळहातावर सूत्रं लिहिली,
स्वतःचीच, आणि त्यातलं एक चुकलं.
पीटीच्या गांवसांना चारदा लघवीला लागली.
इझिल्डा मिस अशा काही कोसळल्या
की शिपाई खरोखरची बादली घेऊन धावला.
वाळूची.

माझ्या चिठ्ठीत होतं :
*काही करू नका. कोरा कागद पुढे ठेवून बसा.*

बसले.
आधी बाक वाचला. कर्कटकानं कोरलेला फुटबॉल,
एक बाण, एक नाव, नावावर खाडाखोड.
मग कागद वाचला.
मी चित्रकलेची बाई. कोऱ्या कागदाला
वीस वर्षांत कधी भ्याले नव्हते.
दहा मिनिटांनी हात आपोआप पेनाकडं गेला,
मी तो मांडीखाली दाबला.
वीस मिनिटांनी पाठीवर घाम.
रोहिदास माझ्यावरून अकरा वेळा गेला.
मोजलं, दुसरं काय करणार.
दोनदा त्याची बाही दंडाला लागली.
शांत बाई, नीट बसलेली.
त्याला तेवढीच विश्रांती मिळाली असेल.

घंटा. सर म्हणाले, सांग, कोण कोण?
त्यानं बोट दाखवत सहाच्या सहा सांगितले.
टाळ्या.
"सातवी?"
तो बाकांवरून नजर फिरवत राहिला,
चावी हरवलेल्या माणसासारखी.

सरांनी अहवालाचा नमुना वर धरला :
कॉपीचा रकाना, आजाराचा, उशिरा आलेल्यांचा.
"कोऱ्या पेपराला रकाना नाही.
बोलायचं नाही, खुणावायचं नाही,
पाठीवर हात तर मुळीच नाही."
मग करायचं काय, इझिल्डा मिस तशाच, केसांत वाळू.
सरांनी खडूचे हात झटकले.
"जवळून जायचं.
आणि परत एकदा जायचं. नियमात तेवढंच बसतं."

जेवायला उंडे आणि ती पातळभाजी, तिखट.
प्रवासभत्त्याच्या अर्जावर होंड्यापर्यंतचे किलोमीटर
मी त्याच कोऱ्या कागदावर जमवले,
दुसरा नव्हता.
रोहिदास उंडा मोडत शेजारी आला.
"मॅडम, तुम्ही खरंच काही करत नव्हता?"
नव्हते.
"मला वाटलं, लिहिताय."

थोडा वेळ तो तसाच उभा.
मग हात धुवायला गेला,
व्हरांड्यातून,
टाचा न वाजवता.