अकरा सेकंद

आम्ही 'ओरिन्थ'चे.
म्हणजे तीन भाग खेळलेले, तिसरा चार वेळा,
आणि शेवटी कप्तान इव्हारानं
यानाचं दार बाहेरून लावून घेतलं,
बाहेरून, आतून नाही,
हे झोपेतून उठवलं तरी सांगू शकणारे.

जुन्या जालन्यात माझं झेरॉक्सचं दुकान.
शटर अर्धं ओढलं की आत चौघं मावतो:
मुजम्मिल, वैजनाथ ढवळे, ऋचा पारनेरकर, मी.
ऋचाचा भाऊ मशीनवर बसतो, त्याला आम्ही 'इंधन' म्हणतो,
सगळ्यांचे फुटाणे तोच संपवतो म्हणून.

सहा वर्षं झाली.
आमच्या नळाला दहाव्या दिवशी पाणी येतं,
कधी बाराव्या, वॉल फुटला की पंधराव्या.
त्यामुळं चौथ्या भागाची तारीख पुढं गेली
तेव्हा जगभरचे खेळणारे चिडले, रडले,
जालन्यातून कुणी हूं की चूं केलं नाही.
ऋचा एवढंच म्हणाली, भरून ठेवायला पाहिजे होतं.

वैजनाथ बियाण्याच्या कंपनीत आहे.
ओल्या कागदावर शंभर दाणे मांडून
किती उगवले ते मोजणं, हे त्याचं काम.
अफवांनाही तो तसंच मोजतो.
'इव्हारा जिवंत आहे': उगवण बासष्ट टक्के.
'चौथा भाग दिवाळीला': नऊ. तेही बुरशी धरलेले.
ऋचा कंपनीच्या नोकरीच्या जाहिराती वाचते.
त्यांना म्हणे लाटा काढता येणारा माणूस हवाय.
म्हणजे पुढच्या ग्रहावर पाणी आहे.
आम्ही जरा वेळ गप्प बसलो. पाणी!
इंधन म्हणाला, किती दिवसाआड?

मग सोमवारी रात्री तो तुकडा आला.
अकरा सेकंद. नाव नाही, संगीत नाही.
काळोख, आणि काळोखात एक लाल चीर
हळूहळू रुंद होत जाणारी.
ऋचा म्हणाली, तारा मरतोय.
मी म्हणालो, ज्वालामुखी, दुसऱ्या भागातला.
वैजनाथनं टक्केवारी द्यायलाच नकार दिला.

मुजम्मिल रात्रपाळीला निघालेला,
एक पाय बुटात, एक बाहेर.
परत लाव, म्हणाला. सातव्या सेकंदाला थांबव.
आणि स्क्रीनजवळ तोंड नेऊन,
जसं आपण तापलेल्या पोराजवळ नेतो,
"ये ग्रह-ब्रह नै रे. ये माल है, अभी ओतेला.
लाल नाही हा, नीट बघ, नारंगीच्या आत पांढरा.
वर साय धरते, मग साय तडकते.
रोज बघतो मी. डोळे मिटले तरी बघतो."

म्हणजे इव्हारा मेलेली नाही.
म्हणजे कुठंतरी भट्टी पेटलीय
आणि ती नवं यान ओतून घेतेय.
त्या रात्री मी गच्चीवर गेलो.
एमआयडीसीकडं आभाळ तांबूस होतं, नेहमीसारखंच.
नेहमीसारखं ते मला वाटलं नाही, एवढंच.

शनिवारी कळलं, तुकडा खोटा.
कंपनीचा नाहीच. कुणी घरी बसून केलेला,
नाव-गाव न सांगता सोडून दिलेला.
ऋचानं लॅपटॉप मिटला.
वैजनाथ शून्य म्हणाला, आणि पुन्हा एकदा, हळू, शून्य.

मुजम्मिल मात्र हसत होता.
मनगटावरचा ठिणगीचा जुना डाग खाजवत म्हणाला,
"खोटा कामून? रंग तर खरा होता ना.
ज्यानं केला त्यानं भट्टी पाहिलीय.
जवळून. माझ्याइतक्या जवळून."

मग नवीन चर्चा सुरू झाली.
कुठला असेल तो? रायपूरचा? का रशियातला?
पोरगा की पोरगी? दिवसपाळीला की रात्रपाळीला?
वैजनाथनं खिशातून पेन काढलं.
इंधन म्हणाला, आपल्यातलाच असेल तर?

आम्ही सगळ्यांनी मुजम्मिलकडं बघितलं.
तो बुटाची नाडी बांधत होता,
फारच सावकाश.