उणे एकतीस

उत्तरायण होऊन तीन दिवस झाले.
दांडिया बाजारात तारांवर अजून फाटके पतंग,
आधी ओढलेल्या रेघेला मोडीची अक्षरं टांगावीत तसे,
आणि माझ्या राऊटरवर एक लाल दिवा
डोळे आल्यासारखा, उघडमीट.

मंगळवारी मोडीचा वर्ग असतो.
सांगलीचे दोघे, अकोल्याची एक,
मस्कतहून बोलणारे निवृत्त कॅप्टन, आणि एक जण
ज्याचा चेहरा मी अजून पाहिलेला नाही.
सांगत होते, मोडीत हात उचलायचा नसतो,
बोरू वाहता ठेवायचा,
तर पडद्यावर माझाच हात अडकला, अर्ध्या 'क'मध्ये.
'मॅडम, तुम्ही थिजलात,' अकोल्याचीनं लिहिलं.

कंपनीची बाई गोड आवाजात: बंद करून चालू करा.
केलं.
तक्रारीत माझं नाव मरुनालिनी. असो.
राऊटर लोखंडी कपाटावरून काढला,
घंगाळामागून काढला, स्टुलावर ठेवला,
मग शब्दकोशाच्या दोन खंडांवर.
शंभरचा प्लॅन, काटा तीनवर.

चौथ्या दिवशी निकुंज आला, खांद्यावर शिडी,
दोन बोटांना चिकटपट्टी.
'मासी, आखुं शहेर कपाई गयुं छे.'
खांबाखांबावरून गेलेली केसाएवढी काच,
आणि तिच्यावर घासत गेलेला काच लावलेला मांजा.
काचेनं काच कापली.
मला लगेच पटलं.
दोष आभाळाचा निघाला की
घरातल्या माणसाला जरा बरं वाटतं.

तो खांबावर चढला, टोकं जोडून उतरला,
घरात येऊन मीटर लावलं:
उणे एकतीस.
'अठ्ठावीसच्या पलीकडे चालत नाही. बाहेरचं झालं.
आता जे आहे ते घरात आहे.'
घरात काय असणार?
घरात मी आहे.

त्यानं पेनासारखं काहीतरी काढलं,
तारेच्या तोंडाशी धरलं, म्हणाला, दिवा मालवा.
अंधारात भिंतीवर काही नाही,
चौकटीशी काही नाही.
कपाटामागे मात्र, उरलेली बारा फूट तार
मी जिथे रुमालासारखी घडी घालून
लोकरीनं करकचून बांधून ठेवली होती,
तिथे प्रत्येक घडीच्या कोपऱ्यावर एक लाल थेंब.
उजेड गळत होता.

'हे कोणी बांधलं?'

चौतीस वर्षं वह्या तपासल्या मी.
काना सरळ, वेलांटी गोल, समासाला हात लावायचा नाही.
पोरांना वळण लावणं हाच माझा पगार होता.
घरीही मी तीच. माझ्या लेकीच्या वेण्या इतक्या घट्ट
की शाळा सुटेपर्यंत तिच्या भुवया वर असायच्या.

'मी,' म्हटलं.

तो हसला नाही. लोकर कापलीही नाही,
गाठ न् गाठ नखानं सोडवली.
'वळवायची, मासी. मोडायची नाही.'
मग ओट्यावरचा साखरेचा डबा मागून घेतला,
त्याच्याभोवती तार सैल गुंडाळली,
डबा काढून घेतला, वेटोळं खिळ्याला अडकवलं.
गबाळं दिसत होतं.
दहापैकी मी चार दिले असते.

मीटर: उणे एकोणीस.

चहा पिताना त्याची नजर बोरूवर गेली, कागदावर गेली.
असलंच वाकडं लिहिलेलं काहीतरी
दादाच्या पेटीत आहे म्हणाला, वाघोडियाला,
कोणाला लागत नाही.
बहिणीला फोन केला: फोटो पाडून पाठव, मासीच्या नंबरवर.

कप विसळून येईपर्यंत फोटो उघडलेला होता.
पिवळा कागद, वरती रेघ, खाली एका दमात
न थांबलेला कुणाचा तरी हात.
चष्मा पुसला. पहिल्या ओळीत
एकच शब्द लागला, 'बाकी'.
पुढचं पुसट होतं.
निकुंज शिडी उचलता उचलता थांबला,
'मोठं करा ना, आता होईल.'